टॉलरन्स नसलेला 'च'

गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलाय की समुपदेशनासाठी आलेली व्यक्ती समोरच्या खुर्चीत बसायच्या आधीच तो मला ऐकू येतो. हिंजवडीतला आयटीवाला मुलगा, प्रोजेक्ट नाही म्हणून बेंचवर बसून तिसरा महिना. कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या बाई. फ्लॅटची दलाली करणारे गृहस्थ. वाक्य एकच: "मॅडम, दिवस वाईट आहेत हे कळतं, पण पॉझिटिव्ह राहायचं कसं?"

अशा वेळी मला भोसरीचे शेठ आठवतात. 'शेठ' हे त्यांच्या कामगारांनी दिलेलं नाव. त्यांच्या परवानगीनेच लिहितेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. गोष्ट 2019 च्या पावसाळ्यातली. भाड्याची शेड, कर्जावर घेतलेल्या दोन सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर धातू कापणाऱ्या) मशीन, पाच माणसं. गाड्यांचे बुश, पिना असे छोटे सुटे भाग कापून घडवायचे आणि मोठ्या व्हेंडरला द्यायचे. त्या ऑगस्टमध्ये देशातली प्रवासी वाहनांची विक्री आदल्या वर्षीच्या ऑगस्टपेक्षा जवळपास 32 टक्क्यांनी खाली आली होती. कंपन्या मधूनमधून प्लांट बंद ठेवत होत्या आणि शेठना महिन्याचं जे शेड्यूल यायचं, ते निम्म्यावर आलं होतं.

पहिल्या भेटीत त्यांनी मला कारणं समजावली. बिगरबँक वित्तसंस्थांकडून मिळणारी कर्जं आटली, एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे नवे बीएस-6 निकष लागू होणार म्हणून गिऱ्हाईक थांबलं, वगैरे. सगळं बरोबर होतं. मग म्हणाले, "मी माझ्याकडून सगळं करतो. पाचला उठतो, व्हिडिओ ऐकतो, आरशासमोर दहा वेळा 'सगळं छान होणार' म्हणतो. पण अकरा वाजले की छातीत धडधड सुरू."

"अकराला काय होतं?"

"चहा होतो." जरा थांबून म्हणाले, "चहा झाला की पुढे काही नसतं."

"मग मशीन बंद?"

"बंद नाही ठेवत." मान खाली. "एअर कट चालवतो."

मला कळेना. त्यांनी समजावलं. मशीनच्या पकडीत, म्हणजे चकमध्ये, जॉब (कापायचा धातूचा तुकडा) न लावताच प्रोग्राम सुरू करायचा. स्पिंडल फिरतो, टूल पुढेमागे होतं, कापलं काहीच जात नाही. नवा प्रोग्राम तपासायला असं करतात. शेठ दिवसाचे तीन-चार तास करत होते, शेजारच्या शेडमध्ये आवाज जावा म्हणून. विजेचं बिल भरून.

आरशासमोरचं 'सगळं छान होणार' मला त्याच जातीचं वाटलं. आवाज भरपूर, कापलं काहीच जात नाही. पण हे पहिल्याच दिवशी बोलून दाखवणं उद्धटपणाचं झालं असतं. त्या दिवशी मी वेगळंच विचारलं: जगणं नकोसं वाटतं का, झोप किती, जेवण किती. हे सरळ विचारावं. घरच्यांनीही विचारावं, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल, तर समुपदेशनाची वाट न बघता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावं. आता टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांकही आहे. शेठचं उत्तर 'नाही' होतं. झोप मात्र तीन तासांवर आली होती.

माझी बैठक विवेकनिष्ठ मानसोपचाराची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये सुरू केलेली. तिची परिभाषा इथे नको. आमच्यावर आरोप होतो की आम्ही शब्दांचा कीस काढतो. काढतो. शेठच्या बोलण्यात मी एकच अक्षर मोजत होते. "काम मिळायलाच पाहिजे." "हप्ता चुकताच कामा नये." "बावीस वर्षं इमानदारीने धंदा केला, माझ्यावर ही वेळ यायलाच नको होती."

चौथ्या भेटीत मी म्हटलं, "हा 'च' काढून बोलून बघा."

ते चिडले. "म्हणजे हप्ता चुकला तरी चालेल म्हणू?"

माझी पंचाईत झाली. मी नेहमीची उदाहरणं दिली, एकही लागू पडलं नाही. मग त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावणारा घडी घातलेला कागद दिसला. जॉबचं ड्रॉइंग होतं. मागून घेतलं.

"हे 25 च्या पुढे काय लिहिलंय?"

"टॉलरन्स. माप किती इकडेतिकडे झालं तर चालेल ते. प्लस-मायनस वीस मायक्रॉन."

"आणि गिऱ्हाइकाने शून्य लिहिलं तर? बरोब्बर 25च पाहिजे म्हणाला तर?"

ते हसले, त्या खोलीत पहिल्यांदाच. "मॅडम, असा पार्ट जगात कुणी बनवू शकत नाही. सगळा माल रिजेक्शनमध्ये..."

वाक्य अर्धंच राहिलं. बाहेर रिक्षा, प्रेशर कुकर, सगळं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी माझ्या ड्रॉइंगवर शून्य लिहून बसलोय."

इतक्या वर्षांत मी 'च'वर पुष्कळ बोलले आहे, पण इतकी नेमकी व्याख्या मला जमली नव्हती. ती त्यांच्या खिशात होती. समोरच्याच्या धंद्याची भाषा आधी शिकून घ्यायची, हे मी त्या दिवसापासून पाळते. तेवढ्यापुरती शाबासकी मी स्वतःला देते.

'च' गेला म्हणून हप्त्याची काळजी गेली नाही, आणि जायलाही नको. काळजी माणसाला बँकेत पाठवते, 'च' त्याला शेडमध्ये कोंडून ठेवतो. तुमच्याकडेही असा एखादा 'च' असेल, तर तो आधी कागदावर लिहा. "नोकरी टिकायलाच हवी" असं लिहिलंत, तर त्याखाली लिहा: "टिकावी असं मला मनापासून वाटतं. नाही टिकली तर फार जड जाईल. पुढच्या सोमवारी मी काय करेन?" या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माणसाचं नाव, फोन नंबर किंवा रुपयांतला आकडा असावं. 'प्रयत्न करेन' हे उत्तर नव्हे.

शेठनी लिहिलं. पहिला सोमवार: बायकोला खरा आकडा सांगणं. वहिनींनी म्हणे शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "एवढंच? मला वाटलं बाहेर काही भानगड आहे." दुसरा सोमवार: बँक. एक हप्ता थकला होता. 90 दिवस उलटले की खातं बुडीत धरलं जातं हे त्यांना पाठ होतं, पण मॅनेजरसमोर बसणं म्हणजे बुडाल्याची कबुली, असं वाटून ते टाळत होते. तिसऱ्याला मात्र फार वेळ लागला. दूध डेअरीच्या स्टील फिटिंगचं जॉबवर्क समोर आलं होतं, पण कमी दराचं. "मी ऑटोचा माणूस" हे वाक्य गिळायला त्यांना पाच आठवडे लागले. एक मशीन विकावी लागली, तीही तोट्यात. ते दुःख होतंच. मी त्याला संधी वगैरे म्हटलं नाही.

शेवटच्या भेटीत म्हणाले, "एक गंमत सांगतो. परवा शेजारच्या शेडमधून आवाज आला. तोही एअर कटच होता. धातू कापताना आवाज वेगळा येतो, आमच्या कानाला लगेच कळतं. दोन चहा घेऊन गेलो."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाला, 'या शेठ, बसा. तुमचा आवाज आम्ही दोन महिने ऐकत होतो.'"