सुचत नाहीये? आधी पारसिक बघा

(रेघोट्या: वाचकांचे प्रश्न, चित्रकाराची उत्तरं)

या महिन्यात आलेल्या प्रश्नांत एकच रडगाणं जास्त होतं, सुचत नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, सगळीकडून तेच. त्यामुळे पहिल्या प्रश्नाला जागा जरा जास्त गेलीये, बाकीच्यांनी रागावू नका, तुमच्या उत्तराचा अर्धा भाग त्यातच आहे.

प्रश्न: मी ऐरोलीला राहते, आयटीत आहे. शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षांना ए ग्रेड होती, मग ब्रशच सुटला. आता परत सुरू केलंय पण शनिवारी कागद घेऊन बसले की डोकं ब्लँक होतं. मग पिंटरेस्ट उघडते, त्यात दुपार जाते आणि शेवटी तिथलंच काहीतरी बघून काढते. छान दिसतं, पण माझं वाटत नाही. ओरिजिनल कल्पना कशी सुचणार?

ताई, कोऱ्या कागदासमोर बसून कोणालाच काही सुचत नाही हो, मलाही नाही. तुम्ही आधी कल्पना सुचेल मग चित्र काढीन असं धरून बसलाय. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं होतं, एखादी गोष्ट चार वेळा काढून कंटाळा आला की पाचव्या वेळी हात काहीतरी वेगळं करायला बघतो आणि तिथे कल्पना येते. म्हणून मी विषय शोधायलाच सांगत नाहीये, विषय देऊनच टाकते. पारसिकचा डोंगर, आपला ठाणे-नवी मुंबईचा.

हसू नका. होकुसाई म्हणून जपानी चित्रकार होता, त्याने १८३० च्या सुमाराला फुजी डोंगराची छापचित्रं केली, मालिकेचं नाव छत्तीस दृश्यं, पण ती इतकी चालली की अजून दहा काढली, म्हणजे झाली शेहेचाळीस. ती जगभर टीशर्टवर दिसणारी मोठी निळी लाट त्यातलीच, आणि नीट बघितलं तर त्या लाटेच्या मागे फुजी एवढासा आहे, होडीतल्या लोकांना तर त्याच्याकडे बघायला फुरसतच नाही. दुसऱ्या एका चित्रात एक कारागीर भलंमोठं लाकडी पिंप बनवतोय, पिंपाला अजून बूड नाही आणि त्या गोलातून लांबवर फुजीचा छोटासा त्रिकोण दिसतो. डोंगर तोच, हा माणूस फक्त दर वेळी दुसरीकडे जाऊन उभा राहिलाय. आणि एक गंमत, तेव्हा प्रशियन ब्लू हा बाहेरून येणारा निळा रंग जपानात परवडायला लागला होता, त्या निळ्याशिवाय ती मालिका अशी दिसलीच नसती. म्हणजे इन्स्पिरेशन म्हणतात ते कधीकधी रंगांच्या दुकानातून पण येतं.

तर तुमचा पारसिक. तुम्ही त्याच्या पायथ्याशी राहता आणि मला खात्री आहे की त्याची वरची रेघ तुम्हाला न बघता काढता येणार नाही. करून बघा आत्ताच. मग मुलुंडहून येताना ऐरोलीच्या पुलावरून तो कसा दिसतो, रेतीबंदरच्या बाजूने कसा दिसतो, नवी मुंबईच्या अंगाला दगडखाणींनी कापून काढलेली उघडी कड, बेलापूरला त्याच्या अंगावर चढलेले बंगले, आयटी पार्कच्या काचेत पडलेलं त्याचं वाकडंतिकडं प्रतिबिंब (तुमच्या ऑफिसची काच असेल तर अजूनच बरं), बाल्कनीत वाळत घातलेल्या पंजाबी ड्रेसच्या मागून दिसणारा, जुलैमध्ये हिरवागार आणि मे महिन्यात करपलेला, आणि जानेवारीत धुरक्यामुळे दिसतच नाही तो पण काढा. २०२२ पर्यंत फास्ट लोकल त्याच्या पोटातून जायची, आता लांब पल्ल्याच्या गाड्या जातात, तो बोगदा १९१६ चा आहे आणि साधारण सव्वा किलोमीटर लांब, त्या अंधारात खिडकीत डोंगर नसतो, डब्यातल्या लोकांचे चेहरे असतात. तेही पारसिकचंच चित्र झालं की.

महिनाभर दुसरं काही काढायचं नाही. कागद पोस्टकार्डाएवढा, जास्त मोठा नको, मोठा कागद बघितला की आपल्याला मास्टरपीस करावासा वाटतो आणि हात आखडतो. पहिली पाच-सहा चित्रं बोअर होणार हे धरूनच चाला, ती सगळ्यांना सुचतात तीच असतात. ती बाहेर पडल्याशिवाय पुढची येत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, फोटो काढून त्यावरून चित्र करू नका. तुम्हाला त्या परीक्षांतला स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल, विषय द्यायचे आणि चित्र आठवणीतून काढायचं. बाजारातले दृश्य, बसस्टॉपवरची रांग वगैरे. आपण सगळ्यांनी तो पेपर पाठ करून दिलाय, समोर टोपलीवाली बाई, बाजूला छत्री घेतलेला माणूस, मागे एक झाड, विषय कुठलाही येवो मंडळी तीच. खरं तर इतका भारी पेपर दुसरा नव्हता आणि आपण त्याची वाट लावली. तो आता प्रामाणिकपणे द्या. जांभळी नाक्यावर भाजीला जाता तेव्हा मोबाईल पिशवीत टाकून एका जागी उभ्या राहा, नुसतं बघा, काढू नका, घरी येऊन काढा. सगळं आठवणार नाही, कदाचित फक्त निळ्या ताडपत्रीतून खाली पडलेला निळा उजेड आणि तराजू धरलेला एक हात एवढंच आठवेल. मग तेवढंच काढा, बाकी कागद मोकळा सोडा. तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला ताडपत्री आठवणार नाही, तिला कोथिंबिरीचा भाव आठवेल. फोटोत सगळंच सारखं येतं, म्हणून फोटोवरून काढलेलं चित्र कोणाचंही वाटतं.

नोकरी सांभाळून जमेल का असं तुम्ही विचारलं नाहीत पण ते मनात असणारच. सुधीर पटवर्धन बघा, आपल्या ठाण्यातले. रेडिओलॉजिस्ट, २००५ पर्यंत डॉक्टरकी करत होते आणि त्या सगळ्या वर्षांत चित्रंही काढत होते, ते पण चित्रकलेच्या कॉलेजात न जाता. आणि काढलं काय, तर लोकलमधली माणसं, कामगार, रस्ते, उपनगरातल्या बिल्डिंगी, इराणी हॉटेलात बसलेला माणूस. म्हणजे जे ठाण्यातल्या कोणालाही रोज दिसतं ते. विषयासाठी लांब जायला लागलं नाही.

पिंटरेस्ट बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही करणार नाही. फक्त क्रम बदला. आधी स्वतःचं काढून झालं की मग उघडा, दुसऱ्यांनी डोंगर कसे काढलेत ते बघायला. तेव्हा तुमच्याकडे विचारायला प्रश्न असेल, ही कड मला जमली नाही, यांनी कशी केली? त्या बघण्यात आणि नुसत्या स्क्रोलिंगमध्ये फार फरक आहे.

प्रश्न: सीवूड्सला राहतो, फाइन आर्टच्या सीईटीची तयारी करतोय. सर म्हणतात कॉपी करू नका, पण सगळे मोठे आर्टिस्ट कॉपी करूनच शिकले असंही ऐकतो. मी फ्लेमिंगोंची सिरीज करतोय, रेफरन्स गूगलवरून घेतो. हे चालतं का?

कॉपी करून शिक रे बिनधास्त, फक्त त्याला स्वतःचं म्हणू नकोस, खाली कोणावरून ते लिही. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं पावसातल्या पुलाचं छापचित्र तैलरंगात उतरवलं, रंग भडक केले आणि भोवती जपानी अक्षरांची चौकट टाकली, ती पण दुसऱ्या चित्रांवरून बघून. पुढे इस्पितळात असताना मिले या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रांवरून किती तरी चित्रं केली. समोर होती ती काळी-पांढरी प्रिंट, त्यामुळे रंग सगळे स्वतःच्या डोक्यातून घालायला लागले. भावाला पत्रात त्याने याचं असं समर्थन केलंय की वादक बीथोवन वाजवतो तेव्हा त्यात स्वतःचं काही येतंच, तसंच हे. आपल्याकडे बंदिश घोटणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. तू एखादी कॉपी केलीस की मूळ चित्र आणि तुझं शेजारी ठेव, आणि कुठे चुकलं ते बघताना एक नोंद कर, कुठली चूक दर वेळी तीच होतेय. मान नेहमी लांब होते का, रेघ जाड होते का. चार कॉपीत तीच चूक दिसली तर ती मुद्दाम वाढवून बघ, तुझी स्टाइल तिथून निघायची शक्यता आहे.

पण फ्लेमिंगोचं मात्र ऐक. गूगलवर बऱ्याचदा येतो तो कॅरिबियन फ्लेमिंगो, भडक केशरी-गुलाबी. ठाणे खाडीत जास्त करून येतो तो लेसर फ्लेमिंगो, फिकट गुलाबी, चोच गडद लालकाळी, आणि पिल्लं तर राखाडी असतात. खाताना डोकं उलटं करून चोच चिखलात घालतात, त्यामुळे समोर दिसतात फक्त पाठी आणि पाय, भिंतींवर रंगवतात तशी मान वळवून बदामाचा आकार करून कोणी उभं नसतं. तू सीवूड्सला राहतोस, सीझनमध्ये चालत जाऊन बघता येतात आणि तू दुसऱ्या खंडातला पक्षी काढतोयस! दुर्बीण मिळाली तर बघ, नाहीतर नुसते गुलाबी ठिपके आणि मागे टॉवरची रांग एवढंच दिसेल, ते काढ. मला तर ते चित्र जास्त आवडेल.

प्रश्न: कळव्याला घरून ट्रे, कप, कोस्टरवर वारली डिझाइन करून विकते. ऑर्डर येतात पण एक गिऱ्हाईक म्हणालं हे सगळीकडे मिळतं. यात नवीन काय करता येईल?

गिऱ्हाईक बरोबर बोललं. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा गोल नाच आता बिस्किटाच्या डब्यावर पण असतो. वारली चित्रं मुळात लग्नाच्या वेळी बायका घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायच्या, तो एक विधी होता, डेकोरेशन नव्हतं. डहाणूकडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती कागद-कापडावर आणून रोजच्या जगण्याची केली, त्यांचं मासेमारीचं जाळं बघा, सगळं चित्र जाळ्याच्या बारीक रेघांनी भरलेलं असतं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांना. ते नेटवरून उचलून ट्रेवर काढा असं मी म्हणत नाहीये, उलट सांगतेय. त्यांनी आजूबाजूचं काढलं, तुम्ही तुमचं काढा. कळव्याची खाडी आहे, गर्दीची ट्रेन आहे, गणपतीची मिरवणूक आहे. आणि तुम्ही त्या समाजातल्या नसाल तर वस्तूवर नुसतं 'वारली' छापू नका, तिला जीआय, म्हणजे मूळ ठिकाणाशी आणि समाजाशी जोडलेल्या नावाचं कायदेशीर संरक्षण, मिळालेलं आहे. त्रिकोणी माणसं सोडून स्वतःची माणसं करून बघा ना, हाताला रेघेची सवय आहेच तुमच्या.

प्रश्न: मुलगा तिसरीत आहे, घोडबंदरला राहतो. कायम एकच चित्र, दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी. क्लास लावू का?

नको. ते चित्र अख्ख्या महाराष्ट्राने काढलंय, त्याने कोणाचं नुकसान झालेलं नाही. फक्त त्याला विचारा, आपल्याकडे सूर्य कुठल्या डोंगरामागून येतो आणि कुठल्यामागे जातो? संध्याकाळी येऊरच्या मागे जातो हे त्याला तुमच्या गच्चीवरून दिसेल. तुमच्याकडे खरंच डोंगर आहेत हो, बाकीच्यांना कल्पनेने काढावे लागतात. झोपडीत कोण राहतं, आत्ता जेवायला काय आहे, हेही विचारा, म्हणजे पुढच्या चित्रात झोपडीला दार उघडेल. क्लास लावलात तर तिथे त्याला तेच चित्र जास्त नीटनेटकं काढायला शिकवतील.

प्रश्न: वाशीला असतो, रिटायर झालो. बाहेर बसून स्केचिंग करावंसं वाटतं पण लोक मागे येऊन उभे राहतात, लाज वाटते. आणि या वयात आता काय होणार?

काका, वर लिहिलेल्या फुजी मालिकेच्या वेळी होकुसाई सत्तरीला आलेला होता, त्यामुळे तो मुद्दा सोडूनच देऊ.

लोक येणार. सुरुवातीला मोठं पॅड आणि रंगपेटी नेऊ नका, खिशात मावेल अशी वही आणि साधं बॉलपेन न्या, हिशोब लिहिताय असं वाटतं लोकांना. बॉलपेनचा अजून एक फायदा, खोडता येत नाही, मग खोडत बसण्यात वेळ जात नाही. पाठ भिंतीला किंवा झाडाला लावून बसा म्हणजे मागे कोणाला उभं राहायला जागाच नाही. सागर विहारला सकाळी लवकर जा, चालणारे असतात पण ते स्वतःच्या पावलांच्या हिशोबात असतात. ठाण्याला आलात तर तलावपाळी संध्याकाळी टाळा, पहिल्याच दिवशी तेवढी गर्दी झेपणार नाही. आणि कोणी येऊन 'काका, माझं काढा ना' म्हणालं तर लाजू नका, बसवा समोर. चेहरा जुळला नाही तरी चालेल, पण दहा मिनिटं तो माणूस हलणार नाही, आर्ट कॉलेजात मॉडेलला त्याचे पैसे द्यायला लागतात.