तीन महिन्यांपूर्वी टीएमटी नॉर्मल होती, मग बाबांना अटॅक आलाच कसा?

तुम्ही लिहिलंय की बाबांची टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून केलेली हृदयाची तपासणी) तीन महिन्यांपूर्वी नॉर्मल होती आणि परवा पहाटे अटॅक आला तेव्हा एलएडीत, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या नळीत, १०० टक्के ब्लॉक निघाला. 'लॅबने फसवलं का?' बहुतेक नाही. तीन महिन्यांत शून्याचे शंभर झाले नसतील. चाळीस-पन्नासाचे शंभर झाले असतील, तेही तासाभरात.

मी नागपुरात मेडिकलला पॅथॉलॉजी शिकत होतो, तेव्हा पोस्टमॉर्टेमची हृदयं फॉर्मलीनच्या बरणीत यायची. कोरोनरी, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी, आडवी कापत जायची, काकडीच्या चकत्या कराव्यात तशी, पण तीन-तीन मिलिमीटरवर. कॅल्शियम साचलेली नळी सुरीखाली कर्रकर्र वाजते. मला वाटायचं, गुन्हेगार हीच. गुठळी मात्र कितीदा तरी भलत्याच चकतीत सापडायची. तिथे नळी फारशी अरुंद नसायची, पण भिंतीत पिवळा, मऊ लगदा असायचा. ग्रीकमध्ये 'अथेरे' म्हणजे लापशी. नळीच्या भिंतीत चरबी साचण्याच्या या आजाराला अथेरोस्क्लेरोसिस म्हणतात, त्यातला 'अथेरो' तोच. नाव ठेवणाऱ्याने स्वतः सुरी चालवली असणार!

नळाच्या पाइपात क्षार धरतो, ते चित्र डोक्यातून काढा. चरबी साचते ती भिंतीच्या अस्तराखाली. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, तिथे शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात, मरतात, त्यांचा लगदा होतो आणि त्यावर तंतूंचं पांघरूण चढतं. नळी बाहेरच्या बाजूने फुगून जागा करून देते, त्यामुळे आतला रस्ता बरीच वर्षं मोकळा राहतो. टीएमटी फक्त चालता-धावताना रक्त कमी पडतं का, एवढंच बघते. साधारण ७० टक्क्यांखालचा ब्लॉक तिला सहसा कळत नाही.

हे पांघरूण पातळ होत केसाच्या जाडीवर, साधारण ६५ मायक्रॉनच्या खाली आलं, की फाटायला निमित्त पुरतं. पहाटे बीपी चढतं तेवढंही. लगदा रक्ताला लागला की रक्ताला वाटतं जखम झाली. प्लेटलेट धावून येतात आणि तीनेक मिलिमीटरच्या नळीला बूच बसतं. अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो, आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे, आणि हे काही तास चालतं. माझ्या मामांनी तर्रीपोह्यांवर खापर फोडलं आणि 'गॅस आहे' म्हणत सोडा पिऊन दोन तास काढले. आज इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्यांच्या हृदयाचं टोक हलताना दिसत नाही.

दुसऱ्या नळीत ४० टक्के आहे, तरी तिथे स्टेंट का नाही, हेही विचारलंत. ४० टक्क्यांनी रक्त अडत नाही, म्हणून. तिथलं काम स्टॅटिनचं, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचं. त्याने लगदा आटतो, पांघरूण जाड होतं, पण महिनोन्महिने लागतात. सहा महिन्यांनी कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, की बाबा 'आता कशाला गोळी?' म्हणतील. तेव्हा ती आपल्या मनाने बंद करू देऊ नका.