'रिव्ह्यू ऑफ इकॉनॉमिक्स अँड स्टॅटिस्टिक्स'चा इम्पॅक्ट फॅक्टर आणि त्याचे खरे वजन

आपला प्रश्न असा आहे की, अर्थशास्त्राच्या ज्या 'रिव्ह्यू' या जर्नलकडे शोधनिबंध पाठवा असे मार्गदर्शक म्हणतात, त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर नामांकित वैद्यकीय जर्नलांच्या आसपासही नाही. मग ते अग्रगण्य कसे? माझ्या मते, या जर्नलचे बळ जिथे आहे तिथपर्यंत तो आकडा पोहोचतच नाही.

2023 चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे 2021 आणि 2022 मध्ये छापून आलेल्या मजकुराला 2023 मध्ये मिळालेले संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांतील लेखांची संख्या. अर्थशास्त्रात लेख परीक्षकांकडे जाऊन, दुरुस्त होऊन छापून येईपर्यंतच दोनतीन वर्षे सहज निघून जातात. दरम्यान लोक त्याच्या वर्किंग पेपरचा (छापून येण्याआधी प्रसृत केलेल्या मसुद्याचा) संदर्भ देतात आणि तो या हिशेबात धरला जात नाही. शिवाय हा आकडा सरासरीचा आहे. थोड्या लेखांना भरघोस आणि बहुतेकांना मोजके संदर्भ मिळतात, तिथे सरासरी किती फसवी ठरते हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगायला नको!

हार्वर्डमध्ये 1919 साली सुरू झालेल्या या जर्नलमध्ये अर्थशास्त्रज्ञ पॉल सॅम्युएल्सन यांचा सार्वजनिक वस्तूंवरील जेमतेम तीन पानांचा लेख 1954 मध्ये आला. 1957 मध्ये अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी येथेच दाखवले की 1909 ते 1949 या काळात अमेरिकेत दर श्रमतासामागे उत्पादन दुप्पट झाले आणि त्यातील सुमारे सात-अष्टमांश वाढ भांडवलामुळे नव्हे, तर तांत्रिक बदलामुळे झाली. 1961 च्या ज्या लेखातून स्थिर प्रतिस्थापन लवचीकतेचे उत्पादन फलन (भांडवल आणि श्रम एकमेकांऐवजी किती सहज वापरता येतात ते प्रमाण स्थिर धरणारे उत्पादनाचे सूत्र) रूढ झाले, त्याच्या चार लेखकांत आपले भारतीय अर्थशास्त्रज्ञ बी. एस. मिन्हास होते. हे लेख आजही उद्धृत होतात, पण चालू इम्पॅक्ट फॅक्टरमध्ये त्यांचा वाटा शून्य असतो.

म्हणून तुलना अर्थशास्त्राच्या गटातच करावी. पाच वर्षांचा इम्पॅक्ट फॅक्टर आणि 'सायटेड हाफ-लाइफ' पाहावे. जर्नलला मिळणाऱ्या संदर्भांपैकी निम्मे किती जुन्या लेखांना जातात, हे दुसऱ्यावरून कळते. निवड समितीला आकडाच हवा असेल, तर नुसता फॅक्टर न देता गटातील क्रमांकही द्यावा.

आपला निबंध जिल्हापातळीवरील धोरणाचा व्यक्तींच्या वेतनावर होणारा परिणाम तपासतो, हे पाहता आणखी एक कसोटी मला अधिक महत्त्वाची वाटते: या जर्नलमधील लेख आपल्या कामाला किती उपयोगी पडतात. वेतनाशी काडीचाही संबंध नसलेली राज्यपातळीवरील चलेसुद्धा व्यक्तींच्या आकडेवारीत 'सार्थ' (म्हणजे केवळ योगायोग नसलेली) दिसू शकतात, हे मोल्टन यांनी 1990 मध्ये याच जर्नलमध्ये दाखवले. आकडेवारीतील गट (जसे जिल्हे) थोडे असताना प्रमाणदोष (अंदाजातील अनिश्चिततेचे माप) कसे हाताळावेत यावरचा कॅमेरॉन, गेलबाख आणि मिलर यांचा 2008 चा लेखही इथलाच आहे. निबंध पाठवण्यापूर्वी हे दोन्ही वाचून आपले प्रमाणदोष जिल्हानिहाय गट धरून पुन्हा काढा. परीक्षक पहिला प्रश्न बहुधा त्याबद्दलच विचारतील.