‘एन्ट’ अशुद्ध? मग ‘आर्न्ट आय’ काय आहे?

प्रश्न असा आला आहे : साठच्या दशकातली अमेरिकन सोल प्रेमगीतं ऐकत मी इंग्रजी शब्द आणि व्याकरण शिकतो आहे. त्यांत ‘एन्ट नो’ (ain't no) सारखं कानावर पडतं. दोन नकार आले म्हणजे अर्थ होकारी होतो का? ‘एन्ट’ अशुद्ध आहे असं शिक्षक सांगतात, तर ही गाणी सोडून द्यावीत का? आणि ओळीओळीत ‘बेबी’ कशाला?

‘बेबी’ ही प्रिय व्यक्तीला मारलेली लाडाची हाक. त्यात शिकण्यासारखं फार काही नाही. पुढे जाऊ.

‘दोन नकार म्हणजे होकार’ हे ऐकून ऐकून कान किटले आहेत. तो गणिताचा नियम आहे, भाषेच्या माथी मारू नये. ‘नको, नको’ म्हटल्यावर समोरच्याला ‘हवं’ असं ऐकू येत नाही. इंग्रज बिशप रॉबर्ट लोथ यांनी आपल्या इंग्रजी व्याकरणाच्या १७६३च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘दोन नकार एकमेकांना खोडतात’ असं लिहिलं आणि शाळांनी ते डोक्यावर घेतलं. लोथ यांचं हिब्रू काव्यावरचं काम थोर आहे. इथे मात्र ते साफ चुकले. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक वर्षं आधी इंग्रज कवी चॉसरने आपल्या सरदाराची सभ्यता सांगताना एकाच वाक्यात चार नकार घातले, ते त्याची सभ्यता ठसवायला. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या इंग्रजीत, म्हणजे या सोल गाण्यांच्या भाषेत, हाच जुना नियम आजही चालतो : वाक्य नकारी झालं की ‘एनी’च्या जागी ‘नो’ येतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी १९७२ साली हा नियम नीट मांडून दाखवला. ‘एन्ट नो माउंटन’ म्हणजे ‘असा डोंगरच नाही’. बस.

आता खरी गंमत ‘एन्ट’च्या कुळाची. मूळ ‘अ‍ॅम नॉट’. त्याचं झालं ‘अ‍ॅम्न्ट’, जे स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये अजून बोललं जातं. म आणि न शेजारी आले की जीभ एकाला गिळते, म्हणून उरलं ‘अ‍ॅन्ट’. सतराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी नाटकांत ते आहे, जोनाथन स्विफ्टच्या खासगी पत्रांत आहे. म्हणजे चांगल्या शिकल्यासवरल्यांच्या तोंडचा हा शब्द. पुढे ‘अ‍ॅन्ट’चा ‘एन्ट’ झाला, ‘इझ नॉट’, ‘आर नॉट’, ‘हॅव नॉट’ यांची झिजलेली रूपंही त्यातच येऊन मिसळली आणि ‘एन्ट’ सगळ्यांचं काम करू लागला. आपल्या ‘नाही’तही क्रियापद मुरलेलं आहेच, म्हणून तर ‘नाहीस’, ‘नाहीत’ होतं.

आणि ‘अ‍ॅन्ट’चा दुसरा मुलगा कोण? ‘कॅन नॉट’चा ‘कान्ट’ झाला, ‘शॅल नॉट’चा ‘शान्ट’ झाला, तसाच ‘अ‍ॅन्ट’चा ‘आन्ट’ झाला. इंग्लंडच्या ज्या बोलीत र उच्चारत नाहीत, तिथे ‘आन्ट’ आणि ‘आर्न्ट’ कानाला एकच. मग कुणीतरी तो ‘आर्न्ट’ असा लिहिला. म्हणून ‘आर्न्ट आय’ (aren't I, म्हणजे ‘मी नाही का?’) हे सभ्य मानलेलं रूप! ‘आय आर’ कुठल्या व्याकरणात बसतं? सख्ख्या भावांपैकी एकाला दिवाणखान्यात बसवलं आणि दुसऱ्याला दाराबाहेर काढलं. १९६१ साली वेब्स्टरच्या तिसऱ्या मोठ्या कोशाने ‘सुशिक्षितही बोलताना एन्ट वापरतात’ एवढं नमूद केलं, तर वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! कोशाने पाहिलं ते लिहिलं. ओरडणाऱ्यांनी ‘आर्न्ट आय’बद्दल तोंड उघडायला हवं होतं.

गाण्यात ‘एन्ट’ का टिकला, याबद्दल माझं स्वतःचं ठाम मत आहे. ‘देअर इझन्ट एनी’ म्हणायला पाच अक्षरं लागतात, ‘एन्ट नो’ दोनांत भागतं. शिवाय ‘ए’ आणि ‘ओ’ हे दोन्ही स्वर हवे तेवढे ताणता येतात. ‘इझन्ट’ तोंडातच मोडतो. बिल विदर्स यांचं १९७१चं ‘एन्ट नो सनशाइन’ ऐका. तिथे ‘इझन्ट एनी’ घालून म्हणून पाहा, पहिल्याच शब्दाला चाल कोसळते. बोलीचा शब्द म्हणून तो आला असेलही, पण टिकला गळ्याच्या सोयीने, असं मी मानतो.

एक सावधगिरी : टेम्प्टेशन्स या गायकगटाच्या १९६६च्या ‘एन्ट टू प्राउड टू बेग’मध्ये ‘एन्ट’ म्हणजे ‘अ‍ॅम नॉट’, कर्ता ‘आय’ गाळला आहे. ‘एन्ट नो’मध्ये गाळला आहे तो ‘देअर’. दर वेळी काय गळालं ते शोधा, व्याकरण आपोआप येईल. परीक्षेत मात्र ‘इझन्ट एनी’च लिहा.

शिक्षक अडून बसले तर त्यांना मार्विन गे आणि टॅमी टेरेल यांचा १९६७चा ‘युनायटेड’ हा अल्बम ऐकवा. ‘एन्ट नो माउंटन हाय इनफ’ त्यातच आहे, आणि ‘इफ धिस वर्ल्ड वेअर माइन’ही त्यातच. ‘जग माझं असतं तर’ म्हणताना इथे ‘वॉझ’ नाही, ‘वेअर’ आहे. भलेभले इंग्रज जिथे ‘वॉझ’ म्हणून मोकळे होतात, तिथे हे दोघे काटेकोर ‘वेअर’ गातात.