आधी खाली जाणं रोख, मग वेग सोड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

‘इंजिनं ठणठणीत होती, मग हेलिकॉप्टर हवेतून खाली बसलं कसं?’ हा तुझा प्रश्न वाचला. त्याखाली तूच उत्तर दिलंयस, ‘पायलटला कलेक्टिव्ह ओढायला उशीर झाला असेल.’ कलेक्टिव्ह म्हणजे हेलिकॉप्टर वर उचलणारा दांडा. त्या उत्तराने अस्वस्थ झालो, म्हणून हे पत्र.

पाकिस्तानातल्या अबोटाबादचंच घेऊ, ओसामा बिन लादेनच्या घरावरचा अमेरिकी छापा. 2 मे 2011 ची रात्र. ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आवारावर हॉवर करणार, म्हणजे हवेत एका जागी थांबणार, आणि जवान दोरावरून उतरणार, असं ठरलेलं. सरावाच्या नकली आवाराला जाळीचं कुंपण होतं, इथे मात्र पक्क्या भिंती, काही ठिकाणी 18 फुटांपर्यंत उंच. जाळीतून रोटरचा, म्हणजे वरच्या पंख्याचा, वारा निघून जातो. भिंतीला थडकला की वर चढतो आणि वरून पुन्हा रोटरमध्येच शिरतो. त्यात हवा अपेक्षेपेक्षा गरम. हेलिकॉप्टर खाली बसायला लागलं, शेपूट भिंतीला लागली. पायलटने नाक जमिनीत रोवलं म्हणून ते उलटलं नाही आणि आतले सगळे वाचले.

गरम हवेला कमी लेखू नकोस. 4,000 फुटांवर प्रमाण तापमान, म्हणजे हिशेबासाठी धरलेलं ठरावीक तापमान, 7 अंश. तिथे 22 अंश असतील तर प्रत्येक जादा अंशाला साधारण 120 फूट धर, म्हणजे 1,800 फूट वाढले. रोटरच्या लेखी तू 5,800 फुटांवर आहेस.

आता तुझ्या कलेक्टिव्हकडे येतो. पुढे जाण्याचा वेग जवळजवळ संपलेला, खाली जाण्याचा दर मिनिटाला 300 फुटांच्या वर आणि रोटरवर पॉवर चढवलेली, या तिन्ही गोष्टी जुळल्या की रोटर स्वतःच ढकललेल्या हवेत उतरू लागतो. यालाच व्हॉर्टेक्स रिंग म्हणतात. मशीन थरथरतं, सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर कलवणारी काठी, पोकळ लागतं. अशा वेळी नुसतं कलेक्टिव्ह ओढलंस तर भोवरे आणखी जोर धरतात. उशीर ओढण्यात झालेला नसतो रे! तो त्याआधीच झालेला असतो.

म्हणून आधी खाली जाणं रोख, मग वेग सोड. वेग 30 नॉटच्या (ताशी साधारण 55 किलोमीटर) खाली येण्याआधी खाली जाण्याचा दर 300 च्या आत हवा. नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर, तिथल्या तिथे. मी फार गो-अराउंड करायला लावतो, अशी कुरकुर ऐकू येते. लावतो, आणि यापुढेही लावणार. पाठीमागून 10 नॉट वारा असेल तर जमिनीवरून 20 चा वेग दिसतो, पण हवेत तू फक्त 10 वर असतोस. डोळा फसतो, आणि इतक्या कमी वेगाला एअरस्पीडच्या काट्यावरही भरवसा नाही. वाऱ्याची दिशा अप्रोचआधीच, म्हणजे उतरायला येण्याआधीच, ठरव. आधी खाली जाणं रोख, मग वेग सोड.

व्हॉर्टेक्स रिंगमध्ये अडकलासच तर बाहेर पडायला व्हुइशार पद्धत. चढाईची पॉवर दे, पायातल्या पेडलने नाक सरळ धर, सायक्लिक आडवं टाकून 10 ते 20 अंश कल दे. वरून पाहता रोटर घड्याळाच्या उलट फिरत असेल तर डावं पेडल, उजवं सायक्लिक. चेतक हेलिकॉप्टरसारखा घड्याळाच्या दिशेने फिरणारा असेल तर बरोब्बर उलट. नुसतं पाठ करू नकोस, खुर्चीत बसून हातापायांना सवय लाव.

येताना आउट ऑफ ग्राउंड इफेक्ट हॉवरचा, म्हणजे जमिनीलगतच्या हवेचा आधार नसतानाच्या हॉवरचा, तक्ता आण. 4,000 फूट, 22 अंश, किती वजनाला हॉवर होतं ते काढून आण.