सरकता ग्रीस ट्रे करताय? आधी हे बघा

ग्रीस ट्रे म्हणजे गॅस ग्रिलखाली ठिबकणारी चरबी झेलणारा ट्रे; सरकता म्हणजे तीन तुकड्यांचा, रुंदी कमी-जास्त करता येणारा. ग्रिलची बाहेरची रुंदी मोजून पत्रा कापायला घेऊ नका. ट्रे ज्या दोन पट्ट्यांवर सरकतो, त्यांच्यामधलं आतलं अंतर मोजा, तेही पुढे आणि मागे दोन्हीकडे. जुन्या ग्रिलची चौकट बहुतेकदा वाकडी झालेली असते.

खरी मेख जोडात आहे. चरबी बाहेर जायचं भोक मधल्या तुकड्याला ठेवा आणि बाजूचे दोन्ही तुकडे त्याच्यावर चढवा, छपराचे पत्रे चढवतात तसे. उलटं केलंत तर चरबी फटीत शिरणार, खाली ठिबकणार आणि तिथेच पेटणार. तुकडे आवळायच्या लांबट खाचा तळाला पाडू नका, उभ्या काठांवर पाडा. खाचांतले विंग नट (हाताने फिरवायचे, पंखांचे नट) पार घट्ट आवळूनही चालत नाही. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा ७०० मिमी ट्रे २०० अंशांनी तापला की साधारण अडीच मिलिमीटर वाढतो, त्याला सरकायला वाव हवा.

गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा स्वस्त पडतो, पण मी तो वापरणार नाही. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि चरबीने पेट घेतला की तेवढी उष्णता सहज होते. ४३० प्रतीच्या स्टेनलेसवर भागतं, फक्त पावसात उघडा ठेवलात तर गंजाचे डाग येतात.

ग्रिलचा तळ चारी बाजूंनी बंद करायचा मोह आवरा. ग्रिलमधला प्रोपेन गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खालून निघून जायला वाट हवी.

उतार भोकाकडे, थोडासाच. बसवल्यावर ग्रिल थंड असतानाच तांब्याभर पाणी ओतून बघा, कुठे साचतंय ते लगेच कळेल.