सुटकेसमधून आलेला हीटर

प्रश्न : माझा मुलगा कॅनडात विनिपेगला ट्रक चालवतो. दिवाळीत घरी आला तेव्हा तिकडच्या डिझेल गाड्यांना लावतात तो ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिनाचं धड विजेवर तापवणारा हीटर, माझ्यासाठी घेऊन आला. ७५० वॅटचा आहे. माझा २००८ सालचा टेम्पो थंडीच्या दिवसांत पहाटे चारला मार्केट यार्डला निघताना रडवतो. आठ-दहा वेळा सेल्फ मारावा लागतो, पांढरा धूर निघतो, मग कुठे गाडी घेते. आमचा मेकॅनिक म्हणतो हा हीटर बसवू, नाही बसला तर रेडिएटरमध्ये पाणी तापवायचा रॉड सोडू. काय करावं? आणि मुलगा सांगतो, तिकडे रात्रभर गाडीला वायर जोडून ठेवतात. त्यात धोका नाही ना?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : दादा, पहिलं काम म्हणजे तो हीटर मेकॅनिकच्या हाताला लागणार नाही अशा जागी, माळ्यावर वगैरे ठेवून द्या. कॅनडातल्या घरात वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. व्होल्टेज दुपटीच्या जवळ गेलं की कॉइल दुप्पट नाही, साडेतीनपटीहून जास्त तापते. म्हणजे तुमचा ७५० वॅटचा हीटर वाघोलीच्या प्लगमध्ये घातलात तर पावणेतीन हजार वॅट ओढायला बघेल. न्हाणीघरातल्या गीझरएवढा भार, हाताच्या पंजाएवढ्या वस्तूवर! एक तर कॉइल जळेल, नाहीतर वायर. शिवाय हा हीटर बसतो ब्लॉकच्या वेल्चप्लगच्या (ब्लॉकच्या भोकावर ठोकलेल्या पत्र्याच्या झाकणाच्या) भोकात, आणि त्या भोकाचं माप दर इंजिनाला वेगळं. तुमच्या इंजिनाला तो घासून-ठोकून बसवला, तर पहिल्या घाटात कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, रस्त्यावर.

पोरानं प्रेमानं आणलाय, त्याला नावं ठेवत नाही. त्याच्या गावात ही चैन नाही, गरजच आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते हे तुम्हाला ठाऊक आहे. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, तिच्यात डिझेलचा फवारा गेला की पेट घेतो. पण बाहेर उणे तीस असेल तर ब्लॉक म्हणजे बर्फाची लादी. हवा दाबून जी ऊब येते ती सिलिंडरच्या भिंतीच पिऊन टाकतात. त्यात ऑइल काकवीसारखं घट्ट, आणि उणे अठराच्या आसपास बॅटरीची ताकद निम्म्यावर आलेली. इंजिन सावकाश फिरतं, आणि सावकाश फिरलं की हवा आणखी कमी तापते. सगळी संकटं एकदम.

यावर अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटामधल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी उपाय काढला. हेडचा एक बोल्ट काढायचा आणि त्या जागी आतून तापणारा बोल्ट बसवायचा. १९४९ साली त्यांना पेटंट मिळालं. आता बोल्टऐवजी कूलंटमध्ये बुडणारी कॉइल असते, एवढाच फरक. विनिपेगला पार्किंगमध्ये गाड्यांसाठी प्लगचे खांब असतात, ते याचसाठी.

आम्हाला असलं काही मिळालं असतं तर! मी फौजेत ईएमईला, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात होतो, दोन हिवाळे कारगिलजवळच्या द्रासला काढले. रात्रपाळीच्या जवानानं दर दोन तासांनी उठून प्रत्येक गाडी चालू करायची, पंधरा मिनिटं तापवायची, बंद करायची. एखादी राहिली की सकाळी इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली स्टोव्ह पेटवायचा आणि एकानं वाळूची बादली घेऊन शेजारी उभं राहायचं. ती बादली बहुतेक वेळा मीच धरलेली असे, कारण माझं लग्न ठरलेलं नव्हतं आणि सुभेदारसाहेबांच्या हिशेबानं मी खर्ची पडलो तरी चालण्यासारखा होतो.

पण दादा, पुणं म्हणजे द्रास नाही. पुण्यात पारा सगळ्यात खाली गेला तो १७ जानेवारी १९३५ ला, १.७ अंशांवर. त्या पहाटेसुद्धा तब्येतीनं ठीक असलेलं डिझेल इंजिन दुसऱ्या सेल्फला उठलं असतं. आपलं १५डब्ल्यू-४० ऑइल शून्याखाली बरंच जाईपर्यंत काम सोडत नाही. तुमच्या टेम्पोला थंडी झालेली नाही. त्याचा जुना आजार थंडीत उघडा पडतोय.

आजार कुठला, ते तुम्हीच पत्रात लिहिलंय : पांढरा धूर. सेल्फ मारताना धूरच नसता तर म्हटलं असतं, डिझेल पोचत नाही. रात्रीतून लाइनमध्ये एअर जाते, डिझेल टाकीकडे उतरतं, हातपंप मारला की गाडी चालू होते. पांढरा धूर म्हणजे डिझेल पोचतंय, पण पेटत नाही. तेव्हा क्रमानं बघा. आधी बॅटरीचे टर्मिनल आणि बॉडीचं अर्थिंग घासून घ्या. सेल्फ जोमानं फिरतोय का, हे कानानं कळतं. मग इंजिनाला ग्लो प्लग (सिलिंडरमधली हवा तापवणाऱ्या विजेच्या कांड्या) असतील तर ते तपासा, चारातले दोन मेले तरी पहाटे हाच तमाशा होतो. मग डिझेल फवारणारे नोझल काढून डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. फवारा न होता धार पडत असेल तर डिझेल पेटणार कसं? एवढ्यानं भागलं नाही तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन तापल्यावर ऑइलचं झाकण उघडून बघा. आतून भकाभका वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन बांधायला आलंय. कटू आहे, पण हीटर लावून रिंगा जाड होत नाहीत.

रेडिएटरमधल्या रॉडबद्दल मात्र मी थोडा चिडून लिहितो. थंड इंजिनात थर्मोस्टॅट, म्हणजे ब्लॉक आणि रेडिएटरमधली पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, बंद असतो. रेडिएटरचं पाणी उकळलंत तरी ब्लॉकमधलं पाणी होतं तिथेच गार. म्हणजे ऊब नको तिथे, आणि बादलीचा उघडा रॉड पत्र्याच्या गाडीत, पहाटेच्या अंधारात, ओल्या जमिनीवर. मेकॅनिकला सांगा, गॅरेजमध्ये चहा कर त्या रॉडवर.

गंमत म्हणजे हा हीटर पुण्यात आहे, फक्त ट्रकला नाही. निवृत्तीनंतर मी काही वर्षं जनरेटर सेटची देखभाल केली. इस्पितळाच्या तळघरातला सेट मे महिन्यातही हाताला कोमट लागायचा, कारण त्याच्या कूलंटला हीटर जोडलेला असतो. वीज गेली की सेटनं काही सेकंदांत पूर्ण भार उचलायचा असतो, तिथे इंजिनाला अंग गरम करायला वेळ कोण देणार? आमचा एक पोऱ्या वीज वाचवायची म्हणून तो बंद करायचा. रोज ओरडा खायचा, रोज बंद करायचा.

आता चिरंजीवांचं. रात्रभर वायर ठेवण्यात धोका कमी, पण पैसे वाया. तीन-चार तासांत ब्लॉक जितका तापायचा तितका तापतो, पुढे आत जाते तेवढीच ऊब बाहेर उडते. हजार वॅटचा हीटर चार तास म्हणजे चार युनिट, दहा तास म्हणजे दहा. टायमर लावून निघायच्या चार तास आधी चालू होईल असं करायला सांगा. एक्स्टेन्शन वायर जाड, अर्थिंगची, बाहेर वापरायची हवी. प्लगचं टोक हाताला गरम लागलं तर बदलायचं. कूलंट कमी असेल तर हीटर चालू करायचा नाही, कॉइल उघडी पडली की जळते. प्लग लावल्यावर किटलीसारखा बारीक सूं आवाज आला म्हणजे हीटर जिवंत आहे. आणि निघण्यापूर्वी वायर काढायची! खांबासकट वायर ओढत नेणारे तिथेही असतीलच. हा हीटर त्याला परत द्या, एक जास्तीचा जवळ असलेला बरा.

प्रश्न : डिसेंबरात माल घेऊन श्रीनगरला जायचं आहे. मागच्या वेळी काझीगुंडच्या पुढे गाडी पहाटे बंद पडली, फिल्टरमध्ये पांढरा गोळा दिसला. सोबतचे ड्रायव्हर म्हणाले रॉकेल मिसळ.
— एक ट्रकमालक, चाकण

उत्तर : तो गोळा मेणाचा. डिझेलमध्ये मेण असतंच, गारठ्यात ते गोठून फिल्टर चोंदतं. आपल्या मानकात उन्हाळी आणि हिवाळी डिझेलच्या मर्यादा वेगळ्या आहेत : फिल्टर चोंदण्याचं तापमान उन्हाळ्यात १८ अंशांपर्यंत चालतं, हिवाळ्यात ६. म्हणून पुण्यात टाकी गच्च भरून काश्मीरला जाऊ नका. टाकीतलं डिझेल संपवत न्या आणि जम्मूपासून पुढे तिथलंच डिझेल भरा. लडाखसाठी तर इंडियन ऑइलनं २०१९ मध्ये वेगळं हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ पर्यंत वाहतं.

रॉकेल नको. कायद्यानं ती भेसळ आहे, आणि पंप व नोझल डिझेलच्याच वंगणावर चालतात. रॉकेलात तो ओशटपणा कमी. जुन्या गाड्यांनी सोसलं, कॉमन रेलवाली, म्हणजे फार मोठ्या दाबानं डिझेल फवारणारी नवी गाडी, सोसणार नाही. वरच्या प्रश्नातला हीटरही इथे कामाचा नाही, तो ब्लॉक तापवतो, टाकी नाही. जास्तीचा डिझेल फिल्टर सोबत ठेवा आणि रात्री गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी करू नका.

प्रश्न : सकाळी गाडी चालू केल्यावर किती वेळ रेस करावी?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : अजिबात करू नका. टर्बोपर्यंत, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यापर्यंत, ऑइल पोचायच्या आत त्याला पळवता तुम्ही. दोन मिनिटं आपली आपण चालू द्या, तोवर टायरची हवा बघा, आणि सोलापूर रस्त्याला लागेपर्यंत हळू चला. त्या वेळी तिथे वेगानं जायला जागा तरी कुठे असते?